उजेड शोषल्यानंतर
(बंगळुरू येथे स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कोणताही रंगीत पदार्थ उन्हात ठेवला की तो उजेड शोषतो. रंग दिसतो तोच मुळी शोषणामुळे. छपाईच्या निळ्या शाईत तांब्याचं थॅलोसायनिन नावाचं रंगद्रव्य असतं. लाल मोटारींच्या रंगात डायकीटोपायरोलोपायरोल या लांबलचक नावाच्या कुळातलं एक द्रव्य वापरतात. उजेड शोषण्यात ही द्रव्यं सिलिकॉनच्या कितीतरी पुढे आहेत. छतावरच्या सौरपट्टीतली सिलिकॉनची चकती दीडशे मायक्रोमीटरच्या आसपास जाड असते. या रंगद्रव्यांचा शंभर-दोनशे नॅनोमीटरचा थर, म्हणजे जवळजवळ हजारपट पातळ थर, तो शोषतो त्या रंगांचा बहुतेक उजेड गिळून टाकतो. मग छापील कागद उन्हात धरला तर त्यातून वीज का मिळत नाही?

ऊर्जा आत तर आली. पण एका सेकंदाच्या अब्जाव्या भागाच्या आसपास तिची उष्णता झाली आणि ती निघून गेली. सेंद्रिय सौरघट, म्हणजे कार्बनी रेणूंचा सौरघट, बनवणाऱ्यांची सगळी धडपड त्या अब्जांश सेकंदाच्या आत काहीतरी घडवून आणण्यासाठी असते. माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो. या घटात उजेड पकडणं हा अवघड भाग नाही. अवघड आहे तो शेजार जमवणं. एका रेणूच्या शेजारी दुसरा रेणू कसा बसला आहे, किती जवळ, कोणत्या अंगाने, यावर वीज मिळणार की नुसती ऊब, हे ठरतं. आणि रेणूंचा हा शेजार समजून घेण्याचं काम आपल्या या शहरात अर्धशतकाहून अधिक काळ चाललं आहे, म्हणून हा विषय इथे मांडावा असं मला वाटलं.

ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला भरते, त्यांनी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं आणि आकडेमोड फळ्यावर करून दाखवल्याशिवाय ते पुढे सरकत नसत. त्यांचा मान राखून मीही आज थोडी आकडेमोड करणार आहे. ती सोपी आहे, पण तिच्याशिवाय हा विषय हातात येत नाही.

आधी सिलिकॉन पाहू. प्रकाशाचा कण आत आला की एक इलेक्ट्रॉन आपली जागा सोडून वरच्या ऊर्जापातळीत जातो आणि खाली रिकामी जागा उरते. या रिकाम्या जागेला होल म्हणतात. ती धनप्रभारासारखी वागते. इलेक्ट्रॉन ऋण, होल धन, म्हणजे दोघांत ओढ आलीच. पण सिलिकॉनमध्ये ही ओढ फार क्षीण असते. दोन प्रभारांमधलं आकर्षण त्यांच्यामध्ये कोणतं माध्यम आहे यावर अवलंबून असतं, आणि ते माध्यम आकर्षण किती दाबून टाकतं हे डायइलेक्ट्रिक स्थिरांक सांगतो. सिलिकॉनचा स्थिरांक ११.७ आहे. तिथे इलेक्ट्रॉन आणि होल यांची जोडी फोडायला सुमारे ०.०१५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट पुरतात. खोलीच्या तापमानाला अणूंच्या नेहमीच्या थरथरीतच ०.०२५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा असते. म्हणजे जोडी जन्मतःच सुटलेली.

आता कार्बनी रेणू. यांचा स्थिरांक ३ ते ४. आपण ३.५ धरू. उजेड शोषल्यावर इलेक्ट्रॉन आणि होल एकाच रेणूवर किंवा पॉलिमरच्या साखळीच्या छोट्याशा तुकड्यावर असतात, एकमेकांपासून साधारण एक नॅनोमीटर अंतरावर. निर्वातात एक नॅनोमीटरवरच्या अशा दोन प्रभारांची बंधन-ऊर्जा १.४४ इलेक्ट्रॉन-व्होल्ट भरते. तिला ३.५ ने भागा. उत्तर ०.४ च्या जवळ येतं. थरथरीची ऊर्जा ०.०२५. म्हणजे बंधन सोळापट मजबूत. उष्णतेच्या धक्क्यांनी ही जोडी आपणहून सुटण्याची वाट पाहणं व्यर्थ आहे. या घट्ट जोडीला एक्सायटॉन म्हणतात. सोव्हिएत शास्त्रज्ञ याकोव्ह फ्रेंकेल यांनी १९३१ साली ही कल्पना मांडली, तेव्हा कार्बनी सौरघट कुणाच्या स्वप्नातही नव्हता.

एक्सायटॉनवर एकूण प्रभार शून्य. त्यामुळे विद्युतक्षेत्र लावून त्याला कुठे ओढून नेता येत नाही. तो या रेणूवरून त्या रेणूवर वाटेल तसा भटकतो आणि विझतो. बहुतेक पदार्थांत विझण्याआधी तो पाच-दहा नॅनोमीटर जातो. छापील कागदाचं कोडं इथे सुटतं. जोडी बनली, भटकली, विझली. तिला फोडणारं कुणी भेटलंच नाही.

फोडणारं कुणीतरी मुद्दाम ठेवायचं, ही युक्ती अमेरिकेत कोडॅक कंपनीत काम करणाऱ्या चिंग टँग यांनी यशस्वी करून दाखवली. त्यांचा १९८६ सालचा निबंध जेमतेम दोन-तीन पानांचा आहे. त्यांनी तेच निळं थॅलोसायनिन घेतलं आणि त्यावर पेरिलिन कुळातल्या दुसऱ्या रंगद्रव्याचा थर दिला. पहिलं द्रव्य इलेक्ट्रॉन सहज सोडणारं, दुसरं तो आवडीने घेणारं. एक्सायटॉन भटकत या दोघांच्या सीमेवर आला की इलेक्ट्रॉन पलीकडे जातो, होल अलीकडे राहतो. कार्यक्षमता साधारण एक टक्का. आज हा आकडा लहान वाटेल, पण त्याआधीच्या एकाच थराच्या घटांपेक्षा तो पुष्कळ मोठा होता, आणि दाता व ग्राही असे दोन शेजारी लागतात हे त्याने कायमचं ठरवून टाकलं.

यात अडचण एकच होती. उजेड पुरता शोषायला शंभर नॅनोमीटरचा थर हवा आणि एक्सायटॉन तर दहाच नॅनोमीटर चालतो. म्हणजे सीमेलगत जन्मलेल्या थोड्या जोड्याच फुटणार, बाकीच्या वाया. यावरचा तोडगा १९९५ साली कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बरा इथे अ‍ॅलन हीगर यांच्या गटातून आला, आणि त्याच सुमारास इंग्लंडात केंब्रिजमधूनही. थर वेगवेगळे घालायचेच नाहीत. दाता आणि ग्राही एकाच द्रावकात विरघळवायचे, ते द्रावण काचेवर पसरायचं आणि वाळू द्यायचं. वाळताना दोघं अर्धवट विलग होतात. दहा-वीस नॅनोमीटरच्या पट्ट्या एकमेकींत गुंतलेल्या तयार होतात. सीमा सगळीकडे. एक्सायटॉन कुठेही जन्मो, दहा नॅनोमीटरच्या आत त्याला पलीकडचा शेजारी भेटतोच.

हीगर हे नाव महत्त्वाचं आहे. १९७७ साली हिदेकी शिराकावा, अ‍ॅलन मॅकडायर्मिड आणि हीगर यांनी पॉलिअ‍ॅसिटिलीन या पॉलिमरमधून वीज वाहू शकते हे दाखवलं. त्यासाठी त्यांना २००० सालचं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. कार्बनच्या साखळीत एकेरी आणि दुहेरी बंध आळीपाळीने आले की काही इलेक्ट्रॉन एका बंधापुरते न राहता साखळीभर पसरतात. रंगद्रव्यांना रंगही त्यामुळेच येतो आणि प्रभाराला वाटही तिथेच मिळते. १९९२ साली याच सांता बार्बरामध्ये सारीचिफ्तची, हीगर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की अशा पॉलिमरवरून साठ कार्बनच्या फुलरीन रेणूकडे इलेक्ट्रॉन विलक्षण वेगाने उडी घेतो. नंतरच्या मोजमापांत हा वेळ सुमारे ५० फेम्टोसेकंद भरला. एका सेकंदाच्या अब्जाव्या भागाचे पुन्हा दहा लाख भाग केले की एक फेम्टोसेकंद होतो. इतक्या वेगापुढे विझण्याची प्रक्रिया मागे पडते. एक्सायटॉन सीमेवर पोहोचला तर तो फुटतोच, असं जवळजवळ म्हणता येतं.

१९७७ या वर्षाशी मला थोडं थांबायचं आहे, कारण त्याच वर्षी बंगळुरूत दुसरी एक गोष्ट घडली. तिची गणना सौरऊर्जेच्या इतिहासात सहसा होत नाही. ती व्हावी, असं मला मनापासून वाटतं.

सदाशिवनगरला रामन संशोधन संस्था आहे. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी ती १९४८ साली उभी केली. रामन यांचं या शहराशी नातं त्याआधीचं. प्रकाशाच्या विकिरणाचा आपला शोध त्यांनी १६ मार्च १९२८ रोजी बंगळुरूतल्याच एका व्याख्यानात सविस्तर मांडला होता, आणि १९३३ साली ते भारतीय विज्ञान संस्थेचे पहिले भारतीय संचालक झाले. त्यांचा भाचा एस. चंद्रशेखर. इथे घोटाळा होऊ नये. ताऱ्यांवर काम करून नोबेल मिळवणारे सुब्रह्मण्यन चंद्रशेखर हे रामन यांचे पुतणे, आणि मी सांगतोय ते शिवरामकृष्ण चंद्रशेखर हे बहिणीचे चिरंजीव. आपल्याकडे भाचा आणि पुतण्या हे फरक चटकन कळतात, म्हणून एवढं सांगितलं की पुरे. या चंद्रशेखरांचा महाराष्ट्राशीही धागा आहे. १९५१ साली ते नागपूर विद्यापीठातून भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झाले, पहिल्या क्रमांकाने. पुढे मामांच्या हाताखाली संशोधन, मग केंब्रिज, मग मैसूर विद्यापीठ, आणि १९७१ पासून रामन संस्थेत द्रवस्फटिकांची प्रयोगशाळा.

द्रवस्फटिक म्हणजे वाहणारी पण आतून शिस्त असलेली अवस्था. तोपर्यंत माहीत असलेले द्रवस्फटिक लांबट, काडीसारख्या रेणूंचे होते. चंद्रशेखर, बी. के. सदाशिव आणि के. ए. सुरेश यांनी चपट्या, चकतीच्या आकाराचे रेणू घेतले. मधे बेंझिनचं कडं आणि सहा बाजूंना सहा लवचीक शेपट्या. हे रेणूही द्रवस्फटिक बनतात, आणि बनताना ते भाकरीच्या चवडीसारखे एकावर एक बसून खांब तयार करतात, हे त्यांनी क्ष-किरणांनी दाखवलं. निबंध ‘प्रमाण’ या भारतीय नियतकालिकात, बंगळुरूतूनच, १९७७ साली प्रसिद्ध झाला. द्रवस्फटिकांच्या एका अख्ख्या नव्या वर्गाची ती सुरुवात होती. तिरप्या कोनातून पाहिलं तरी चित्र नीट दिसावं म्हणून पडद्यांवर लावल्या जाणाऱ्या एका पापुद्र्यात पुढे अशाच चकत्यांच्या रेणूंचा उपयोग झाला.

आता हे खांब प्रभाराच्या नजरेतून पाहा. खांबात एका चकतीपासून दुसरी साधारण ०.३५ नॅनोमीटरवर. इलेक्ट्रॉनांचे ढग एकमेकांवर चांगले चढलेले. पण शेजारच्या खांबापर्यंत दोन-तीन नॅनोमीटर, आणि मधे शेपट्यांचा विद्युतरोधक थर. प्रभाराला वर-खाली जायला मोकळा रस्ता, बाजूला जायला जवळजवळ बंदी. निसर्गतः जमणाऱ्या, मोडल्या तर पुन्हा आपोआप जुळणाऱ्या तारा. १९९४ साली जर्मन संशोधकांनी एका चकतीरेणूच्या सुव्यवस्थित अवस्थेत प्रभाराची गतिशीलता, म्हणजे दिलेल्या विद्युतक्षेत्रात तो किती वेगाने सरकतो ते, मोजली. ती ०.१ चौरस सेंटीमीटर प्रति व्होल्ट-सेकंद भरली. त्या काळच्या पॉलिमरांपेक्षा ती शेकडो, कधी हजारो पट होती. २००१ साली केंब्रिज आणि माइन्झ इथल्या संशोधकांनी ‘सायन्स’मध्ये चकत्यांचा सौरघटच प्रसिद्ध केला. ४९० नॅनोमीटरच्या आसपासच्या निळ्या-हिरव्या उजेडात, आत पडलेल्या शंभर प्रकाशकणांमागे ३४ हून अधिक इलेक्ट्रॉन बाहेर तारेत आले. दाता आणि ग्राही त्यांनी द्रावणातूनच एकत्र पसरवले होते, पण रेणूंनी आपली जागा स्वतः घेतली.

हा खांबांचा मार्ग मला इतका का मोलाचा वाटतो, हे कळायला प्रभाराच्या प्रवासाकडे वळावं लागेल. खरी मेहनत तिथे आहे.

सीमेवर इलेक्ट्रॉन पलीकडे गेला, होल अलीकडे राहिला. पण अजून ते शेजारी-शेजारीच आहेत. परत तोच हिशेब करू. थरथरीच्या ०.०२५ इलेक्ट्रॉन-व्होल्टपेक्षा आकर्षण कमी व्हायला त्यांनी किती दूर जायला हवं? १.४४ भागिले ३.५ आणि ०.०२५ यांचा गुणाकार. सुमारे १६ नॅनोमीटर. सिलिकॉनमध्ये हे अंतर ५ नॅनोमीटर आहे. सुरुवातीचं अंतर एक-दोन नॅनोमीटर आणि मुक्ती १६ वर. लार्स ऑन्सागर यांनी १९३८ साली अशा जोडीच्या सुटकेचं गणित मांडलं होतं. ते इथे सरळ लावलं तर फारच थोड्या जोड्या सुटायला हव्यात. प्रत्यक्षात चांगल्या घटांत बहुतेक सगळ्या सुटतात. हे अनेक वर्षं या विषयातलं सर्वांत मोठं कोडं होतं, आणि त्याच्या उत्तराचे काही भाग आज हाती आहेत.

एक भाग पसरण्याचा. ग्राही रेणू नीट रचलेले असतील तर इलेक्ट्रॉन एका रेणूवर न बसता अनेक रेणूंवर एकदम पसरतो. केंब्रिजच्या गटाने २०१४ साली मोजलं की फुलरीनच्या सुव्यवस्थित गटांत ४० फेम्टोसेकंदांत इलेक्ट्रॉन आणि होल सुमारे ४ नॅनोमीटर दूर गेलेले असतात. दुसरा भाग मोजणीचा. होल एका जागी धरला तर त्याच्यापासून एक नॅनोमीटरवर इलेक्ट्रॉनला बसायला दोन-चारच जागा असतात, पण पाच नॅनोमीटरवर त्यांची संख्या शेकड्यांत जाते. दूर असण्याचे मार्गच जास्त, म्हणून दूर जाण्याकडे कल. तिसरा भाग सीमेच्या रचनेचा. जिथे दाता आणि ग्राही मिसळून गेले आहेत तिथली ऊर्जापातळी, आणि आतल्या शुद्ध, सुव्यवस्थित भागातली पातळी यांत फरक असतो. या उतारावरून प्रभार सीमेपासून दूर घरंगळतात. या तिन्ही गोष्टींच्या मुळाशी रेणूंची मांडणीच आहे. रसायन तेच ठेवून मांडणी बिघडवा, घट मरतो.

सुटल्यावर पुढे काय? सिलिकॉनच्या स्फटिकात इलेक्ट्रॉन लहरीसारखा सरळ धावतो. त्याची गतिशीलता १४०० चौरस सेंटीमीटर प्रति व्होल्ट-सेकंदच्या आसपास. पॉलिमरच्या मिश्रणात ती एक दशसहस्रांश ते एक सहस्रांश. कोटीपट फरक. इथे प्रभार धावत नाही, उड्या मारतो. प्रत्येक रेणूची ऊर्जापातळी शेजाऱ्यापेक्षा जरा वर किंवा जरा खाली असते, कारण कुणी वाकला आहे, कुणी तिरका बसला आहे. जर्मन शास्त्रज्ञ हाइन्झ बेसलर यांनी या अव्यवस्थेचं मोजमाप करणारं चित्र दिलं. पातळ्यांमधला हा विस्कळीतपणा ०.०५ ते ०.१ इलेक्ट्रॉन-व्होल्टचा असतो, म्हणजे थरथरीच्या दुपटी-चौपटीचा. वर चढायला प्रभाराला उष्णतेचा धक्का लागतो. म्हणून तांब्याची तार थंड केली की वीज अधिक सहज वाहते, पण पॉलिमर थंड केला की ती अडते. शिवाय प्रभार येऊन बसला की रेणूचा आकारच थोडा बदलतो आणि निघताना तो परत बदलावा लागतो. याची किंमत रुडॉल्फ मार्कस यांच्या सिद्धांताने काढता येते. त्या सिद्धांताला १९९२ साली नोबेल मिळालं.

आकडे घेऊन पाहू. थर १०० नॅनोमीटरचा, आत अर्ध्या व्होल्टचा दाब. म्हणजे दर सेंटीमीटरला ५०,००० व्होल्टचं क्षेत्र. गतिशीलता एक दशसहस्रांश. गुणाकार केला की वेग निघतो सेकंदाला ५ सेंटीमीटर. १०० नॅनोमीटर पार करायला दोन मायक्रोसेकंद. आता हे त्या ५० फेम्टोसेकंदांशेजारी ठेवा. जोडी फुटायला जेवढा वेळ लागला त्याच्या चार कोटीपट वेळ बाहेर पडायला लागतो. या सगळ्या वेळात उलट दिशेने होल येत असतात. १६ नॅनोमीटरच्या टप्प्यात कुणी आलं की ओढ सुरू, भेट, आणि सगळं मिळवलेलं गमावलं. पॉल लाँजव्हँ यांनी १९०३ साली वायूतल्या आयनांसाठी अशा भेटींचा दर काढला होता. तो इथे लावला तर घट चालायलाच नको. पण चांगल्या मिश्रणांत भेटी त्या दरापेक्षा शेकडोपट कमी होतात, कारण इलेक्ट्रॉनांची वाट एका द्रव्यातून जाते आणि होलांची दुसऱ्यातून, आणि शुद्ध भाग मोठे असले की दोघं सीमेवर फारसे समोरासमोर येत नाहीत.

आणि इथेच दोन मागण्या एकमेकींवर आदळतात. एक्सायटॉनसाठी पट्ट्या बारीक हव्यात, प्रभारांसाठी रुंद आणि सलग. पॉलिथायोफीन आणि फुलरीनच्या जुन्या मिश्रणांवर जगभर जी वर्षं खर्च झाली ती हा समतोल शोधण्यात. दीडशे अंश सेल्सियसच्या आसपास काही मिनिटं तापवा, द्रावक सावकाश सुकू द्या, थोडं डायआयोडोऑक्टेन घाला. बाहेरून पाहणाऱ्याला हे नुसते प्रयोगशाळेतले घाट वाटतील. पण प्रत्येक कृतीत रेणूंना आपल्या शेजाऱ्याशी जुळवून घ्यायला थोडा वेळ दिला जातो, एवढंच.

बंगळुरूत हे काम अनेक ठिकाणी झालं आणि चाललं आहे. जक्कूरला जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्र आहे. सी. एन. आर. राव यांच्या पुढाकाराने ते १९८९ साली सुरू झालं. तिथे के. एस. नारायण यांच्या गटाने पॉलिमरच्या सौरघटांवर उजेडाचा अत्यंत बारीक ठिपका फिरवून कोणत्या जागी किती प्रवाह मिळतो याचे नकाशे काढले. घटाची एकूण कार्यक्षमता हा एकच आकडा असतो, पण नकाशात दिसतं की वीज सगळीकडून सारखी येत नाही. याच गटाने इस्रायलमधल्या सहकाऱ्यांसह अशाच एका पॉलिमरवर कोंबडीच्या भ्रूणाचं नेत्रपटल ठेवलं. हे नेत्रपटल स्वतः उजेड ओळखण्याइतकं अजून वाढलेलं नव्हतं. पॉलिमरवर उजेड पडला, प्रभार वेगळे झाले, आणि नेत्रपटलाच्या पेशींनी विद्युत-संदेश दिले. २०१४ साली हे प्रसिद्ध झालं. सौरघटासाठी शिकलेली जोडी फोडण्याची विद्या दृष्टीच्या कामी येऊ शकते, ही गोष्ट मला कोणत्याही टक्केवारीपेक्षा जास्त हलवून गेली.

भारतीय विज्ञान संस्थेत सतीश पाटील यांचा गट त्याच लाल रंगद्रव्याच्या, डायकीटोपायरोलोपायरोलच्या, कण्यावर पॉलिमर बांधतो. या रेणूचा गाभा सपाट आहे, त्यामुळे साखळ्या एकमेकींवर नीट बसतात, आणि साखळीत दाता-ग्राही आळीपाळीने गुंफले की तांबड्याच्या पलीकडचा उजेडही शोषला जातो. त्याच संस्थेत एस. रामशेष यांनी अशा रेणूंतल्या इलेक्ट्रॉनांच्या परस्पर तिरस्काराचं गणित अनेक दशकं केलं. इलेक्ट्रॉन एकमेकांना टाळतात ही गोष्ट वगळून हिशेब केला तर पॉलिमरच्या उत्तेजित अवस्थांचा क्रमच चुकतो. याकडे मी शेवटी परत येणार आहे.

आता चकत्यांच्या खांबांकडे परत येऊ. तो मार्ग मग मुख्य का झाला नाही? पातळ थरात ते खांब पुष्कळदा आडवे पडतात आणि सौरघटाला ते उभे हवे असतात. शिवाय खांबातली एक जरी चकती वाकडी बसली तर ती वाट तिथेच बंद, कारण बाजूने वळसा घ्यायला जागा नाही. हा दोष दूर करणारे रेणू वेगळ्या कुळातून आले. २०१५ साली पेकिंग विद्यापीठातल्या झान शियाओवेई यांच्या गटाने फुलरीनची जागा घेणारा एक लांबट सपाट रेणू बनवला, आणि २०१९ साली चीनमधल्याच चांगशा इथल्या झोऊ यिंगपिंग यांच्या गटाने वाय-सिक्स हा रेणू प्रसिद्ध केला. घटाची कार्यक्षमता १५.७ टक्के. वाय-सिक्सचा रेणू किंचित वाकलेला आहे आणि त्याची टोकं शेजाऱ्यांच्या टोकांवर अशी चढतात की तिन्ही दिशांना जोडलेलं जाळं तयार होतं. एक वाट बंद झाली तर दुसरी आहे. यात एक्सायटॉनही दहा नॅनोमीटरच्या बरंच पुढे जातो, त्यामुळे पट्ट्या रुंद ठेवायला मुभा मिळते. या कुळातले आजचे प्रयोगशाळेतले घट २० टक्क्यांच्या आसपास पोहोचले आहेत.

हे घट आपल्या उत्तरेला तुमकूर जिल्ह्यातल्या पावगडाची जागा घेणार नाहीत. तिथे सुमारे १३,००० एकरांवर २,०५० मेगावॉटचं सौरउद्यान उभं आहे आणि तिथल्या पट्ट्यांना वर्षानुवर्षं उन्हात तगायचं असतं. कार्बनी घट प्राणवायू, ओल आणि अतिनील किरणांपुढे लवकर थकतो, आणि आतली काळजीपूर्वक साधलेली मांडणीही काळाच्या ओघात हळूहळू विस्कटते. पण सिलिकॉन १४१४ अंशांना वितळतो आणि कार्बनी घट शंभर-दीडशे अंशांत, लवचीक पापुद्र्यावर, छपाईयंत्राने उतरवता येतो. खोलीतल्या दिव्याच्या मंद उजेडात तो चांगला चालतो. ज्या भिंतीवर, ज्या तंबूवर, ज्या छोट्या उपकरणावर काच आणि अ‍ॅल्युमिनियमचा भार पेलत नाही, तिथे त्याचं स्थान आहे. मला त्याचं भविष्य तिथे दिसतं.

आता रामशेष यांच्या गणिताकडे. उरलेला मोठा तोटा व्होल्टेजचा आहे. वाय-सिक्स आणि त्याच्या नेहमीच्या साथीदार पॉलिमरच्या घटात उजेडाने दिलेल्या ऊर्जेचा काही भाग वाटेत हरवतो. तो का, हे केंब्रिजच्या गटाने आणि सहकाऱ्यांनी २०२१ साली ‘नेचर’मध्ये दाखवलं. दोन सुटे प्रभार पुन्हा भेटतात तेव्हा त्यांच्या फिरकीच्या, म्हणजे स्पिनच्या, चार जुळण्या संभवतात. त्यांतल्या तीन ट्रिप्लेट नावाच्या अवस्थेकडे नेतात. वाय-सिक्सच्या रेणूवर ट्रिप्लेटची पातळी बरीच खाली आहे, म्हणून प्रभार तिथे घसरतात आणि उजेड न देताच विझतात. या घटाची टोकं उघडी ठेवली तर आतलं ९० टक्के पुनर्मीलन याच वाटेने होतं आणि व्होल्टेज सुमारे ६० मिलिव्होल्टने घटतं.

चौथ्या जुळणीची अवस्था आणि ट्रिप्लेट यांच्या पातळ्यांमधलं अंतर इलेक्ट्रॉन एकमेकांना किती टाळतात यावर अवलंबून असतं, आणि रामशेष यांच्या पद्धतींनी काढायची गोष्ट नेमकी तीच. आता रसायनतज्ज्ञांपुढे काम स्पष्ट आहे. सीमेवरची अवस्था आणि ट्रिप्लेट यांची ऊर्जा इतकी जवळ आणायची की घसरण्याला उतारच राहू नये. ते ६० मिलिव्होल्ट ०.८३ व्होल्टच्या घटाला परत मिळाले तर, बाकी काही न बदलता, १५.७ टक्क्यांचे १६.८ होतात. तेवढाच प्रकाश, तेवढेच रेणू, तेवढाच थर. फरक फक्त दोन शेजारी रेणूंच्या पातळ्यांमधला.